खालची गाठ

कोलकात्यात, बेहाल्याच्या मैदानात नूपुरचा बँड पाचला वाजवणार होता. तिचे आजोबा श्यामराव तीनलाच पोचले आणि थेट स्पीकरच्या मनोऱ्यापाशी गेले. बांबूच्या मनोऱ्यावर माणसाएवढे खोके चढवलेले. खालच्या आडव्या बांबूला दोराचे दोनच वेढे. हवे होते चार.

"दोन वेढे कमी आहेत," ते मंडपवाल्या शंतनुला म्हणाले.

"आजोबा, वीस वर्षं हेच करतोय. तिकडे सावलीत खुर्ची आहे, बसा."

श्यामरावांनी चाळीस वर्षं कारखान्यात अवजड यंत्रं दोरांनी उचलून बसवली होती. घरी पंख्याचा स्क्रूसुद्धा ते दोनदा तपासत. त्यामुळे नातीनंही उडवून लावलं.

"आजोबा, तुम्हाला देवघराच्या खिळ्यातही खोट दिसते!"

ती गिटार घेऊन त्या मनोऱ्याखालीच उभी राहणार होती. मग जे कधी सांगायचं नव्हतं, ते सांगणं आलं.

श्यामरावांचे वडील फोर्ट विल्यमच्या लष्करी किल्ल्यात हवालदार असतानाचे ते दिवस. श्यामराव आणि त्यांचा मित्र अनिल दुपारभर मंडपवाल्यांबरोबर बांबू बांधत आणि त्या बदल्यात रॉकच्या कार्यक्रमाला अगदी पुढे उभे राहत. ड्रम वाजला की बांबू तळहाताखाली थरथरे. घसा बसेपर्यंत दोघं ओरडत. तितका आनंद पुढे कारखान्यात कधी मिळाला नाही. नूपुरनं हे शंभरदा ऐकलं होतं. गिटार तिनं त्यातूनच धरली होती. शेवट मात्र तिला ठाऊक नव्हता.

"शेवटच्या कार्यक्रमात खालची गाठ माझ्याकडे होती," श्यामराव म्हणाले. "दोन वेढे झाले आणि गिटार सुरू झाली. मी दोर तसाच टाकून पुढे पळालो. तिसऱ्या गाण्याला मनोरा कलला. खोका अनिलच्या पायावर पडला."

"पण अनिलआजोबा तर म्हणतात, दोर कुजका होता."

"मीच तसं सांगितलं होतं त्याला."

नूपुर गिटार पेटीत ठेवून शंतनुकडे गेली. "वेढे पुरे होईपर्यंत आम्ही मंचावर चढणार नाही."

"आजोबांनाच ठेका द्यायचा होता मग!" शंतनु चिडला, पण त्यानं खोके उतरवले. चौथा वेढा श्यामरावांनी स्वतः ओढला. मग गाठ पारखायला ते दोन्ही पाय उचलून आडव्या बांबूला लोंबकळले. तळहात सोलला. गाठ हलली नाही.

मंचावर चढताना नूपुर एवढंच म्हणाली, "अनिलआजोबांना सांगाल ना?"

कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला. पुढे जागा होती, तरी श्यामराव मनोऱ्यापाशीच थांबले. त्यांनी सियालदहला अनिलच्या घरी फोन लावला.

"अरे, गिटार ऐकू येतेय! कुठं आहेस?" अनिल ओरडला. "लंगड्याला घरी टाकून एकटाच गेलास होय? फोन जरा पुढे धर. आणि मनोरा कुणी बांधलाय? तू असशील तर बिनधास्त ऐकतो."

श्यामरावांनी गाणं संपेपर्यंत फोन पुढे धरला. टाळ्या विरल्यावर तो कानाला लावला.

"अनिल, दोर कुजका नव्हता," ते म्हणाले.