विश्रांतीचे दिवस

चौऱ्याहत्तर साली मी सोलापुरात इंग्रजीचा मास्तर होतो. माझ्या खोलीसमोरच्या गच्चीवर एक म्हातारा विणकर आठवड्यातून तीन-चारदा, सकाळी दहाला लाल चादर पसरायचा, तिच्या चारही कोपऱ्यांवर विटा ठेवायचा आणि कपाळावर हात धरून आभाळाकडे बघत राहायचा. मुंबईहून मद्रासला जाणारं विमान दिसेनासं झालं की मगच चादरीची घडी घालायचा. त्या त्या दिवशी ते विमान त्याचा मुलगा चालवत असायचा.

मुलाच्या ड्युटीचा कागद दर महिन्याला टपालाने यायचा. तो इंग्रजीत, म्हणून म्हातारा माझ्याकडे घेऊन यायचा. मी तारखा वाचायचो आणि तो कॅलेंडरवर ड्युटीच्या तारखांना कुंकवाचं बोट लावायचा.

एकदा मुलाने कळवलं की नवा करार झालाय. वैमानिकांचे उड्डाणाचे तास कमी होणार, विश्रांतीचे दिवस वाढणार.

मी म्हणालो, "बरं झालं की काका, आता मुलगा घरी येईल."

"कुटला येतोय? सुट्टीतबी मुंबईतच फोनजवळ बसायचं, असं लिहून घेतलंय त्याच्याकडनं." त्याने मांडीवरच्या कॅलेंडरवरून हात फिरवला. "ड्युटी असली की डोक्यावरनं तरी जातोय, मास्तर."

त्या महिन्यातले विश्रांतीचे चार दिवस मी ड्युटीचे म्हणून वाचले. चारही सकाळी चादर पसरली, विमान वेळेवर गेलं, म्हातारा हसला. मी खिडकीआड उभा होतो. वर कुणाचा तरी मुलगा होताच.