दोन्ही टोकांना डोकं

“हे दोन जंत एकमेकांना चिकटलेत, बाई. विज्ञान प्रदर्शनात ठेवून कॉलेजचं हसू करू नका.” आमचे झूलॉजीचे एचओडी सर मायक्रोस्कोपवरून डोकं वर न काढताच बोलले.

मी शिरूरच्या कॉलेजात लॅब असिस्टंट होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. डबीत होता प्लॅनेरिया, म्हणजे नखाएवढा चपटा जंत. आमच्या निमोण्याच्या ओढ्यात दगडाखाली सापडतो. मधून कापला तर शेपटीकडच्या तुकड्याला नवं डोकं येतं, डोक्याकडच्याला शेपटी. या जंताला मात्र दोन्ही टोकांना डोकी होती.

“चिकटलेले नाहीत, सर. मी तसा वाढवलाय.”

“तुम्ही? तुमचं काम स्लाइड धुवायचं.”

स्लाइड धुतच होते. पण लायब्ररीतली मासिकंही वाचत होते. प्रत्येक पेशीत किंचित वीज असते. शेजारच्या पेशींमध्ये बारीक वाटा असतात, त्यांतून विजेचे इशारे जातात. डोकं कुठं करायचं हे एकटी पेशी ठरवत नाही, सगळ्या मिळून ठरवतात. त्या वाटा मिटल्या तर? केमिस्ट्री लॅबच्या आप्पांकडून त्यासाठी ऑक्टॅनॉल हे रसायन घेतलं, त्यानं त्या वाटा बंद होतात.

“लई उग्र हाय, नाक सांभाळा,” आप्पा म्हणाले.

डोकं-शेपूट कापून मधले तुकडे तीन दिवस त्याच्या पातळ द्रावणात ठेवले, मग साध्या पाण्यात. बरेच मेले. काहींना नेहमीसारखं एका टोकाला डोकं, दुसऱ्याला शेपटी आली. चौघांना दोन डोकी.

हे सगळं सांगितलं, तर सर हसले. मला राग आला. मी ब्लेड पुढे केलं.

“मग तुमच्या हातानं कापा, सर. दोन्ही डोकी उडवा. साध्या पाण्यात ठेवा. कपाटाची किल्ली तुमच्याकडे.”

पुढे काय होणार, मलाही ठाऊक नव्हतं. औषधाचा असर कधीच उतरला होता. एकच डोकं आलं असतं तर मी खोटी ठरले असते.

सरांनी स्वतः कापलं, डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं. बाराव्या दिवशी त्यांनीच ते उघडलं. जंत मायक्रोस्कोपखाली धरला. दोन्ही टोकांना डोळ्यांचे काळे ठिपके.

“वाटा तर आता उघड्या आहेत. मग हे कसं?”

“पेशींचं एकदा ठरलंय, सर. आता त्या मागं हटत नाहीत.”

प्रदर्शनाच्या दिवशी सरांनी कार्ड आणलं, ‘प्राणिशास्त्र विभाग’ एवढंच लिहिलेलं. त्यांच्यासमोरच मी खाली माझं नाव लिहिलं, हुद्द्यासकट. त्यांनी ते कार्ड तसंच डबीपुढे ठेवलं.

केलेल्या कामाखाली आपलं नाव आपणच लिहावं. दुसऱ्याला ते सहसा सुचत नाही.