कपाटामागची वीतभर जागा

पुढे निवृत्तीनंतर भाड्याचा आधार व्हावा म्हणून मी एक छोटा फ्लॅट घेतला. मी कॉमर्सचा माणूस. माझ्या लेखी ती गुंतवणूक होती. तिथे कुणाचं तरी घर आहे, हे मला कळलं ते सिस्टरांमुळे.

सिस्टर म्हणजे माझ्या भाडेकरू. इस्पितळातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी सगळी इमारत त्यांना सिस्टरच म्हणते. त्यांच्या यजमानांची, म्हणजे काकांची, दृष्टी हळूहळू गेली. तेव्हापासून त्या घरातली एकही वस्तू जागची हललेली नाही. दारापासून खुर्ची, खुर्चीपासून टेबल, मग कपाटाच्या कडेला हात लावून थेट स्वयंपाकघर. काका इतके सहज वावरतात की नव्या माणसाला शंकाही येऊ नये. रंगारी आला की सिस्टरांची ताकीद ठरलेली, "कपाटाला हात लावायचा नाही. दिसते तेवढी भिंत रंगवा." रंगारी खूश, मीही खूश.

यंदा काकांचा खोकला हटेना. आडवं झालं की धाप लागायची. घरात ओल आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"छे! भिंती कशा लख्ख आहेत," सिस्टर म्हणाल्या.

"ओल्या पायपुसण्याचा वास येतो मला," काका म्हणाले.

"तुम्हाला काय, सगळ्याचाच वास येतो!"

तरी त्यांनी मला बोलावलं. मी आणि प्लंबरने कपाट ओढलं. मागची भिंत काळपट हिरव्या बुरशीने भरली होती, कपाटाची पाठसुद्धा. बाहेरचा पाइप गळून पाणी भिंतीत मुरत होतं आणि कपाटामागे वारा म्हणून नव्हता. सिस्टर फडकं आणून ती पुसायलाच लागल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाटांखालची धूळ शोधलेली बाई ती.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, भिंत कोरडी होत नसेल तर घर बदला.

"घर मिळेल हो, भाऊ," सिस्टर मला हळूच म्हणाल्या. "पण इथे हे स्वतःचा चहा स्वतः करतात. तिथे पाण्याचा पेलासुद्धा मागून घ्यावा लागेल."

त्या वेळी मला त्याचा अर्थ नीट कळला नव्हता. भिंत विटांपर्यंत खरवडून सुकवायची होती, म्हणून तोवर दोघं आमच्याकडे राहायला आली, तेव्हा कळला. आमच्या घरात काका एकदा चपलांच्या स्टँडला अडखळले. नंतर खुर्चीतून उठेचनात. "पाणी देता का?" असं विचारतानाही संकोचायचे. एरवी मला 'मालक' म्हणून चिडवणारा हा माणूस पाहुण्यासारखा गप्प बसून राहिला. पाइप बदलला होता, पण भिंत सुकायला वेळ घेत होती. मी रोज ऑफिसातून परस्पर तिकडे जायचो आणि विटांवर तळहात ठेवून बघायचो. इतकी काळजी मी कुठल्या ठेवीची केली नव्हती.

शेवटी भिंत सुकली आणि गिलावा झाला. आता कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवायचं होतं. सिस्टर अडून बसल्या.

"ह्यांचा सगळा अंदाज चुकेल."

"अगं, कपाटच सरकलंय ना? मग मीही सरकेन," काका म्हणाले.

ते दारातून निघाले. खुर्ची, टेबल, आणि खाडकन कोपर कपाटावर. सिस्टर धावल्या. काकांनी हातानेच त्यांना थांबवलं, कडेवरून बोटं फिरवली. "पुढे आलाय गडी!" म्हणत ते परत दाराशी गेले. दुसऱ्या वेळी कोपर वाचलं. तिसऱ्या वेळी ते न थांबता आत गेले आणि आतून गॅस पेटल्याचा आवाज आला. सिस्टरांनी पदराने डोळे टिपले.

आता खोकला थांबलाय. सिस्टर माझे आभार मानतात तेव्हा मला अवघडायला होतं. निवृत्तीनंतर मी काय करणार, असं लोक विचारतात. निदान आठवड्यातली एक संध्याकाळ कुठे जाणार, ते ठरलेलं आहे.

परवा गेलो तेव्हा काका कपाटामागे हात घालून भिंत चाचपत होते. रोज चाचपतात.

"मालक, वास घ्या बरं."

मी घेतला. "कसलाच येत नाही."

"तेच तर!" म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.