ज्याच्या हातात भाकर

वडवणीच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नीलाबाई परिचर आहेत. सोळा वर्षं झाली. झाडलोट करायची, बैल खोड्यात घालून धरायचा, शेळीचा जबडा उघडून औषध पाजायचं. आणि कुणी कुत्रं आणून टाकलं तर त्याच्याकडं बघायचं. हे शेवटचं काम त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

कुत्र्याला दवाखान्यात आणतंय कोण, असं वाटतं. पण येतात. बरणीत डोकं अडकलेलं पिल्लू आलं होतं. नीलाबाईंनी गोडं तेल सोडून सोडून बरणी काढली, पिल्लू त्यांच्याच पायावर मुतलं आणि पळालं. कानात किडे पडलेली एक कुत्री आली होती. बाजारपेठेतली माणसं नाकाला रुमाल लावून दूर उभी होती. नीलाबाईंनी आठ दिवस चिमट्यानं एकेक किडा काढला. ती कुत्री आजही बसस्टँडवर हिंडते, कान अर्धा आहे तिचा.

मी शिकवते ती शाळा दवाखान्याच्या भिंतीला लागून आहे. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्या ओसरीवर जाते. म्हणून हे सगळं मला माहीत.

नीलाबाई लिंगायत. सकाळी गळ्यातल्या डबीतलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नसत. एकदा लसीकरणाला भल्या पहाटे निघावं लागलं, पूजा राहिली, तर दुपारी तीनपर्यंत कोरड्या राहिल्या. सोबतचे लोक हसले तरी त्यांना काही वाटलं नाही. दर सोमवारी आम्ही दोघी महादेवाला जायचो.

गेल्या वर्षी श्रावणात त्यांचा बसवेश गेला. बावीस वर्षांचा, एकुलता एक. कावीळ झाली होती. बीडला अकरा दिवस ठेवला होता. त्या अकरा दिवसांत बाहेरच्या बाकड्यावर बसून नीलाबाईंनी महादेवाच्या नावाशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढला नाही. मी शेजारी बसलेली होते.

माती झाली. त्या रडल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात कामावर आल्या, झाडू घेतला. लिंग गळ्यात आहे, पण डबी उघडत नाहीत. उठतात, चहा पितात, येतात. डबा उघडला की सरळ घास घेतात. चव लागते का, असं मी एकदा विचारलं, तर जरा विचार करून न्हाई म्हणाल्या. सोमवारी बोलवायला गेले तर म्हणाल्या, "तुमी जा, बाई. अकरा दिवस घेतलं की मी नाव. पुरं झालं." त्यानंतर मी बोलवलं नाही.

यंदा दिवाळी सरली, ऊसतोडीच्या गाड्या निघायला लागल्या. त्याच आठवड्यात एका टेम्पोवाल्यानं पोत्यात घालून एक कुत्रं आणलं. तांबडं, दांडगं, मेंढरामागं असतं तसलं. रस्त्यानं तोडीच्या ट्रकमागं पळत होतं आणि मागून मोटारसायकलीनं उडवलं, असं तो म्हणाला. पोतं ठेवून गेला.

मागचा डावा पाय मोडला होता. दवाखान्याच्या डॉक्टर शिवानी मॅडमनी गुंगीची सुई देऊन प्लास्टर घातलं. ते होईपर्यंत नीलाबाईंनी कुत्र्याचं डोकं मांडीवर दाबून धरलं. कुत्रं शुद्धीवर आलं ते सगळ्यांवर गुरगुरत. नीलाबाईंना तेवढं जवळ येऊ दिलं.

पण खाईना. भाकर कुस्करून दुधात दिली, अंडं दिलं, खानावळीतून मटणाचं पातळ आळण आणलं. वास घ्यायचं, लाळ गळायची आणि तोंड फिरवून घ्यायचं. पाणी तेवढं प्यायचं. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. बरगड्या मोजता येऊ लागल्या. मॅडमनी सलाइन लावली, पण पुढं शीर सापडेना झाली. त्या म्हणाल्या, पाय जुळेल, पण पोटात काही गेलं नाही तर हे कुत्रं दोन दिवसांच्या वर काढायचं नाही.

नीलाबाईंनी मान हलवली. मला त्या दिवशी त्यांची भीतीच वाटली. कुत्र्याकडं बघत होत्या, पण भिंतीकडं बघावं तशा.

कुत्र्याच्या गळ्यात लोकरीचा पीळ घातलेला गोफ होता. काळा-पांढरा, मध्ये एक कवडी. आठवडी बाजाराच्या दिवशी नीलाबाईंनी तो कात्रीनं कापून घेतला आणि मेंढरं विकायला बसलेल्या लोकांत दाखवत फिरल्या. तिसऱ्या-चौथ्या माणसानं ओळखला. आसाराम त्याचं नाव. हा गोफ आपल्या गावच्या मंजुळाबाईच्या हातचा आहे म्हणाला. तिच्या पोरानं, सुग्रीवनं, दोन वर्षांमागं मेंढरं विकून मोडली, आता सगळं घर कोयता घेऊन तोडीला गेलंय. कुत्रं शेजाऱ्याकडं बांधलं होतं, ते दावं तोडून पळालं.

आसाराम दवाखान्यात आला. तिथूनच त्यानं मंजुळाबाईला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. मी मधल्या सुट्टीत आले होते. पलीकडं उसाचा पाला मोडल्याचा आवाज येत होता. म्हातारीनं पहिलंच विचारलं, बाज्या जित्ता हाय का. तिचा आवाज ऐकल्याबरोबर कुत्र्यानं कान उभे केले.

खात नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "खायचाच न्हाई तो. माझे दोन कुत्रे इखानं मेले, कुणी घातलं देव जाणे. तवापासून ह्याला शिकवलंय. भाकर हातात धरायची, 'महादेवाचं हाय, घे' म्हणायचं. मग खातो. न्हाई म्हणलं तर मरंल, पण तोंड लावायचा न्हाई."

आसाराम हसला. "कुत्रं हाय का जंगम, नाव घेतल्याबिगर जेवंना?"

कुणी हसलं नाही. मी नीलाबाईंकडं बघितलं. त्या भाकरीच्या ताटलीकडं बघत होत्या.

मॅडमनी म्हातारीला फोनवरूनच म्हणायला लावलं. ती म्हणाली. कुत्रं फोनच्या मागं कुणी आहे का ते मान वाकडी करून बघायला लागलं, कुंई कुंई केलं. भाकरीला शिवलं नाही. म्हातारी म्हणाली, "फोनचं न्हाई चालत, माय. ज्याच्या हातात भाकर, त्यानंच म्हणायचं."

मॅडम पुढं झाल्या, तर दात दाखवले. सुया त्यांनीच टोचल्या होत्या. मी तुकडा धरला आणि म्हणाले सुद्धा, पण ते गुरगुरलं तसा हात मागं आला. राहिल्या नीलाबाई.

त्यांनी ताटली खाली ठेवली आणि झाडू घेऊन अंगणात गेल्या. अंगण सकाळीच झाडलेलं होतं. मी मागं गेले. म्हटलं, नीलाबाई, नुसता शब्द आहे, म्हणून टाका.

"नुसता असता तर म्हणलं असतं," त्या म्हणाल्या.

अंगण पुरं झाडलं. कडेची पानं उचलून टाकली. हातावर पाणी घेतलं, हात पदराला पुसले आणि येऊन कुत्र्यापुढं मांडी घातली. भाकरीचा तुकडा मोडला.

"महादेवाचं हाय. घे."

मी हजेरीला पोरांची नावं घेते, तशा म्हणाल्या. आवाज वर नाही, खाली नाही. कुत्र्यानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, तुकड्याकडं बघितलं, आणि अलगद दातात धरून खाल्ला. मग थांबलं. दुसरा तुकडा पुढं केला तरी थांबूनच. पुन्हा म्हणावं लागलं. प्रत्येक तुकड्याला म्हणावं लागलं. दीड भाकर खाल्ली त्यानं.

फोन तसाच चालू होता. म्हातारी पलीकडून ऐकत असणार. "खाल्लं ना," एवढंच म्हणाली आणि फोन बंद झाला.

त्या दिवसापासून दोन वेळा. सकाळी आल्यावर आणि संध्याकाळी जाताना. रविवारी सुट्टी असली तरी नीलाबाई दवाखान्यात यायच्या, कारण दुसऱ्या कुणाच्या हातचं ते घेत नव्हतं. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं. पाय जरा आखूड राहिला, पण टेकायला लागलं. संक्रांतीला शाळेच्या भिंतीपर्यंत लंगडत आलं, तर पोरं वर्ग सोडून बाहेर. मला वाटलं, आता नीलाबाई हसतील. मी त्यांना म्हटलंही, बघा, कसं चालतंय. हो, म्हणाल्या. मी आणखी पुढं गेले, म्हटलं, नाव घेता ना आता, बरं वाटतं का. त्या म्हणाल्या, कुत्र्यासाठी घेते.

पाडव्याच्या आधी तोडीची माणसं परतली. मंजुळाबाई स्वतः आली, सुग्रीवच्या मोटारसायकलवर मागं बसून. ठेंगणी, उन्हानं काळी पडलेली. कुत्र्यानं तिला बघितलं आणि तीन पायांवर अशी धाव घेतली की ती मातीत बसलीच. बराच वेळ दोघं तसेच. मग तिनं फडक्यातली भाकर काढली आणि आपला शब्द म्हणाली. बाज्यानं मान वळवून नीलाबाईंकडं बघितलं.

"बाटवला की गं बाई माझा कुत्रा," मंजुळाबाई म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते.

नीलाबाईंनी दुरूनच मान हलवली, घे म्हणून. मग त्यानं घेतलं.

जाताना म्हातारीनं नवा गोफ त्याच्या गळ्यात घातला आणि नीलाबाईंनी आणून दिलेला जुना, कापलेला, त्यांच्याच हातात ठेवला. मोटारसायकल गेली. नीलाबाईंनी पोतं झटकलं, घडी करून ठेवलं. गोफ खिडकीच्या गजाला अडकवला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन गेले. त्यांनी आपला डबा उघडला. भाकर, वर शेंगदाण्याची चटणी. तुकडा मोडला आणि हात पुढं गेला, जिथं बाज्या बसायचा तिकडं.

"महादेवाचं हाय," त्या म्हणाल्या. त्याच आवाजात. फरशीवर कुणी नव्हतं.

हात तसाच राहिला थोडा वेळ. मी माझ्या डब्यात बघत राहिले. मग त्यांनी तो तुकडा आपल्या तोंडात घातला आणि सावकाश चावायला लागल्या. दुसरा तुकडा मोडला. पुन्हा म्हणाल्या. मी मोजलं नाही, पण भाकर संपेपर्यंत म्हणत होत्या.

डबा पुसताना म्हणाल्या, चटणीत मीठ जास्त झालंय आज.