रायफलीला आधी काय बसवायचं?

लिफ्टमामाला त्याच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हा त्याचा रोजचा धंदा. घरात मात्र त्याची एकुलती एक पोरगी चार महिने खोलीत अडकून पडली होती आणि तिला बाहेर कसं काढायचं, हे काही त्याला सुचत नव्हतं.

स्कूटरवरून पडल्यापासून तिचा डावा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. शीर तुटली आहे, ती आता जुळायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मामाने त्यातून वेळ लागेल एवढाच अर्थ काढला. पोरगी नेमबाज. तिची पॉइंट टू-टू रायफल क्लबच्या कपाटात पडून होती. अपघाताआधी जेवताना सगळं बोलणं तिचंच: चाप जड लागतो, गालाखालची पट्टी नीट बसत नाही, आधी काय बदलू? मामाने मनाशी पक्कं केलं, रायफल सुधारली की पोरगी आपोआप उठेल.

क्लबात रायफली दुरुस्त करणारा मिस्त्री भला माणूस. त्याने पहिल्याच दिवशी सांगून पाहिलं.

"मामा, आधी स्टँड घ्या. स्प्रिंगवर रायफल तोललेली राहते, डाव्या हाताचं काम तोच करतो. वेगळ्या गटात असे कितीतरी जण खेळतात."

मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी पोरगी अपंग नाही, सांगितलं तेवढं काम करा, असं तो चारचौघांत ओरडला. मिस्त्रीने मुकाट्याने हलका चाप बसवला. पुढे गालपट्टी आली, मग नेम धरायची नवी चकती. दर वेळी मामा मोबाइलवर फोटो काढून घरी धावत यायचा. पोरगी फोटो बघायची, "छान आहे, बाबा," म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. मामा स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचा आणि तोंड दाबून रडायचा. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. पोरगी हातची जाणार, या भीतीने त्याला घास गिळवत नव्हता.

शेवटी हातापाया पडून त्याने तिला क्लबात नेलं. ती चटईवर पालथी झोपली. उजव्या हाताने तिने डावा हात उचलला आणि रायफलीखाली ठेवला. रायफल घसरली, नळी चटईवर आपटली. तिने पुन्हा हात ठेवला, पुन्हा तेच झालं. आजूबाजूचे लोक उगाच आपापल्या बंदुका पुसू लागले.

मामा गुडघ्यांवर बसला. नळीच जड आहे, हलकी मिळते, आजच मिस्त्रीला सांगतो, असं तो भराभरा बोलत सुटला.

"बाबा," ती म्हणाली, "स्टँड का नाही आणला?"

मामा चटईवर पडलेली रायफल उचलू लागला.

"स्पर्धांमध्ये पाहिलेत मी स्टँडवर खेळणारे लोक. तुमच्याकडे मागणारच होते. पण तुम्ही चाप बसवून आलात, इतके खुशीत होतात. मग पट्टी आणलीत. तुमची आशा मोडायचा मला धीर होईना. म्हणून बाहेरच आले नाही."

आपण हिला सावरतोय, असं तो समजत होता, आणि ही लेक त्याच्यासाठी कोंडून घेऊन बसली होती. तो कसाबसा उठला आणि मिस्त्रीच्या खिडकीपाशी गेला. स्टँड पाहिजे, एवढंच म्हणाला.

मिस्त्रीने मागचं काही काढलं नाही. फळीवरून स्टँड उतरवला, फडक्याने पुसला.

"क्लबचा आहे, मामा. हात बरा होईपर्यंत तात्पुरता न्या, नंतर परत करा."

माणूस मामाची लाजच राखत होता. मामाने वळून चटईकडे पाहिलं. पोरगी त्याच्याकडेच बघत होती.

"तात्पुरता नको, मिस्त्री," तो म्हणाला. "तिला कायमचा लागेल."