मशीनच्या तोंडातला भंडारा

तात्याबाला आठ तास एका जागी उभं राहणं कधी जमलंच नाही. फरशीवर आखून दिलेल्या चौकटीत तो अशा येरझाऱ्या घालायचा, की लाइनवरची पोरं म्हणायची, "मामा, हितं मेंढरं न्हाईत पळायला." तो हसायचा आणि पुन्हा फिरायला लागायचा. बाप-आजा घोड नदीच्या काठाकाठानं मेंढरं घेऊन फिरलेले, तो स्वतः पस्तिशीपर्यंत फिरला. मग रांजणगावात एमआयडीसी आली. चार एकर माळ गेला, कळप विकला, आणि जमीन गेलेल्या घरातला म्हणून त्याला कंपनीत कंत्राटी काम मिळालं. सहा वर्षं झाली तरी तो कंत्राटीच होता. त्याची बायको रतनबाई लोकांना "कंपनीत हायेत" एवढंच सांगायची आणि कुणी पर्मनंटचं विचारलं की विषय बदलायची.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात इटलीहून अकरा कंटेनर आले. प्लॅस्टिक वितळवून वॉशिंग मशीनची पांढरी झाकणं काढणारं भलंमोठं मशीन त्यांत होतं. तिकडचा कारखाना मालकानं बंद केला होता, कारण हेच काम इकडे फार स्वस्तात होत होतं. आपले हात स्वस्त आहेत, या बातमीनं शेडमध्ये सगळे खूश झाले. तात्याबाला मात्र ते ऐकून कसंनुसं झालं. बाजारात आपल्या कोकरावर कुणी कमी बोली लावली की व्हायचं, तसं.

मशीनबरोबर पिएत्रो नावाचा म्हातारा ऑपरेटर आला. दोन दिवसांत त्याचा पेत्रूमामा झाला. बावीस वर्षं त्यानं हेच मशीन चालवलं होतं. त्याच्या गावातली तीनशे माणसं घरी बसली होती. याला तेवढं ठेवलं, कारण मशीनची खोड दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. इथं ते नीट बसवून दिलं तर मालक त्याला पुढच्या देशात पुढचं मशीन बसवायला नेणार होता. नाहीतर त्यालाही घर गाठायचं होतं. हे सगळं इंजिनिअर पोरांनी तात्याबाला सांगितलं. आपल्या हातानं आपलं काम दुसऱ्याला देऊन टाकणारा हा माणूस रात्री झोपतो तरी कसा, असं तात्याबाच्या मनात यायचं.

दोघांची भाषा एक नव्हती, पण कान एक होते. मेंढराच्या खोकण्यावरून दुखणं ओळखणाऱ्या तात्याबाला मशीनचा आवाज बदललेला सगळ्यांच्या आधी कळायचा. एकदा अलार्म वाजायच्या आतच त्यानं हात वर केला. पिएत्रोनं मशीन थांबवलं, आत वाकून पाहिलं आणि तात्याबाच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढं गेला. तेव्हापासून म्हातारा त्याला जवळून हलू देईना.

खंडेनवमीला शेडमध्ये पूजा झाली. मशीनला झेंडूचे हार घातले, नारळ फुटले, पेढे वाटले. पिएत्रो त्या दिवशी पुण्याला हॉटेलवर होता. सगळे पांगल्यावर तात्याबा एकटाच मागं राहिला. विकत आणलेलं जनावर पहिल्यांदा मेंढरांच्या वाड्यावर आलं, की त्याच्या तोंडात जेजुरीचा भंडारा घालायची त्यांच्या घरची रीत होती. मग ते कळपात रुळतं, मागं पळत नाही. हे जनावर तर सातासमुद्रापलीकडून आलेलं. त्याला इथं रुळवायलाच हवं होतं. प्लॅस्टिकचे दाणे ज्या नरसाळ्यातून आत जायचे, तेच याचं तोंड. तात्याबा शिडीवर चढला, झाकण उघडलं, आणि जनावर मोठं म्हणून चिमटीऐवजी मूठभर भंडारा आत सोडला.

दसऱ्यानंतर नमुन्याची तीनशे झाकणं काढायची होती. ती विमानानं गिऱ्हाइकाकडं जाणार होती. तेच नमुने चीनमधल्या एका कारखान्यालाही सांगितले होते; ज्याचे पसंत पडतील त्याची लाइन चालणार. पहिलं झाकण बाहेर आलं. पांढऱ्या झाकणावर पिवळट तपकिरी ठिपके उठले होते. दुसऱ्यावर तसेच, दहाव्यावरही तसेच.

तात्याबानं ते पाहिलं आणि मान वर करून नरसाळ्याकडं बघितलं.

दुपारपर्यंत शेडभर एकच कुजबुज झाली. म्हाताऱ्यानं डाव साधला. स्वतःची भाकरी गेली म्हणून आमच्या ताटात माती कालवली. त्या वेळी पिएत्रो घामाघूम होऊन मशीन उघडत होता, साफ करत होता, कोरे दाणे घालून पुन्हा पुन्हा चालवत होता. लोक आपल्याकडं असे का बघतात, ते त्याला कळत नव्हतं. तात्याबा त्याला पाने देत होता. बोलावं असं शंभरदा वाटलं, पण दर वेळी तो पुढचा पाना उचलून देत राहिला. संध्याकाळी झाकणं दुधासारखी पांढरी निघाली. नमुने एक दिवस उशिरा गेले.

उशीर का झाला, ते आता इटलीतल्या मालकाला लिहून द्यायचं होतं. शेडचे साहेब बबनराव न्हावऱ्याकडचे बागायतदार, माणूस बरा. त्यांनी तात्याबाला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा त्यानं बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

बबनरावांनी दार लावून घेतलं.

"मला सांगितलंस ते सांगितलंस. आता दुसऱ्या कुणाला बोलू नगंस. मशीनमधी हळद टाकली असं लिवलं तर तिकडं काय म्हणतील? ह्यांच्या हातात मशीन द्यायला नको म्हणतील, आन् लाइन जाईल चीनला. दोनशे घरं हायेत हिच्यावर."

"पर त्या मामाचा काय दोष साहेब?"

"मुद्दाम केलं असं न्हाई लिवत. आधीची सफाई नीट केली न्हवती, एवढंच लिवलंय. तू त्याच्या शेजारी व्हतास. साक्षीला सही कर. आन् तुझं पर्मनंटचं मी बघतो."

"त्याचं पुढलं काम जाईल."

"जाईल," बबनराव म्हणाले. "त्याचं न्हाईतर आपलं."

तात्याबा खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. बाहेर कंपनीच्या बसमधून दुसऱ्या पाळीची माणसं उतरत होती. त्यातल्या निम्म्यांच्या जमिनी त्याच्याच माळाला लागून होत्या. त्यानं पेन उचललं आणि चौथीतल्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. त्याला स्वतःची शिसारी आली.

चौथ्या दिवशी पिएत्रोला परत बोलावणं आलं. गेटवर गाडी उभी होती. म्हाताऱ्याचं तोंड उतरलेलं होतं, तरी तात्याबाला बघून तो पुढं आला. त्यानं तात्याबाच्या कानाला बोट लावलं आणि अंगठा उंचावला. तात्याबानं पिशवीतून भंडाऱ्याची पुडी काढली. चिमूट घेऊन नरसाळ्यात सोडावी तशी हवेत सोडली, शेडकडं बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडं. पिएत्रोला समजेना. तात्याबानं पुन्हा तेच केलं.

पिएत्रोनं पुडीतली पूड बोटांत चोळली. वास घेतला. शेडकडं पाहिलं, मग तात्याबाकडं पाहिलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पिएत्रोनं बोटं रुमालाला पुसली, गाडीत बसला आणि काच वर घेतली.

त्याच दुपारी बबनरावांनी पर्मनंटचं पत्र हातात दिलं. रतनबाईनं ते देवापुढं ठेवलं, हात जोडले, आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडं बघून जवळ येऊन बसली. सगळं ऐकल्यावर तिनं विचारलं, "मंग काय म्हणला त्यो?"

"काय न्हाई म्हणला."

"त्याला समजलं नसंल वो."

"समजलं," तात्याबा म्हणाला. "दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."