आत्याचं नख आणि चार टायर

माझी आत्या बूट शिवते. साधे नाहीत, ज्याचा एक पाय दुसऱ्याहून आखूड आहे, ज्याची टाच जमिनीला टेकत नाही, अशा माणसांचे. चाळीस वर्षं झाली. दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने बाहेर उभं राहायचं. गिऱ्हाईक आलं की ती चेहऱ्याआधी त्याच्या बुटांचे तळवे बघते. बूट उलटा करायचा, अंगठ्याचं नख रबरात दाबायचं आणि निकाल द्यायचा. "जाडी बघून फसू नका," हे तिचं ठरलेलं वाक्य. "नख रुतलं तर रबर जिवंत. नाही रुतलं तर तळवा बदला, नाहीतर आपटाल."

दर बुधवारी ती आपल्या छोट्या गाडीतून टेकडीवरच्या रुग्णालयात जाते. तिथल्या रुग्णांना खाली येता येत नाही, म्हणून मापं घ्यायला हीच वर जाते. गाडी एवढीशी आहे की मागच्या सीटवर बुटांचे खोके रचले की आरशात फक्त खोकेच दिसतात.

या थंडीच्या सुरुवातीला चढावरच्या वळणावर ती गाडी घसरली. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता. आत्याने ब्रेक दाबला आणि गाडी अगदी सावकाश, जणू विचार करत करत, कडेच्या भिंतीला जाऊन टेकली. एक दिवा फुटला. आत्याला साधं खरचटलंही नाही. पण आमच्या बाबांना निमित्त मिळालं.

बाबा तिचे धाकटे भाऊ. वय त्रेसष्ट, आणि जगातल्या सगळ्यांची काळजी वाहण्याचा मक्ता त्यांच्याकडे. त्यांनी दिवा बदलून घेतला, गाडी आमच्या दारात लावली आणि दोन्ही किल्ल्या खिशात घातल्या.

"ताई, सदुसष्ट झालीस. नजर, हातपाय, काही पहिल्यासारखं राहत नाही. गाडी विकून टाकू."

"आणि वर सहा माणसं थांबलीत त्यांचं काय?"

"जाईल दुसरं कोणीतरी."

दुसरं कोणी नव्हतं, हे बाबांनाही ठाऊक होतं. आत्या गेली नाही तर बूट नाहीत, आणि बूट नाहीत तर ती माणसं खाटेवरून उठणार नाहीत. मला वाटलं, आता आत्या बाबांची सालटी काढणार. तिला ताकाला जाऊन भांडं लपवणं कधी जमलंच नाही. मनात येईल ते तोंडावर. पण ती भांडली नाही. पुढच्या बुधवारीही दुकानात मान खाली घालून टाके घालत राहिली. "धाकट्याचं खरंही असेल गं," ती मला म्हणाली. "पाय वेळेवर पडला नसेल ब्रेकवर." तिला असं बोलताना ऐकून माझं डोकं फिरलं.

शनिवारी बाबा गाडी घेऊन टायरवाल्याकडे निघाले. विकायच्या आधी टायर एकदा दाखवून घ्यायचे होते. मी आत्यालाही हाताला धरून गाडीत बसवलं.

टायरवाला गडी गप्पिष्ट होता. त्याने वाकून टायरच्या खाचेत पट्टी घातली. "नक्षी अजून भरपूर आहे हो. नव्यासारखे आहेत."

"ऐकलंस, ताई?" बाबा लगेच म्हणाले. "टायर उत्तम. म्हणजे दोष टायरचा नव्हता."

 आत्याचा हात स्वस्थ बसेना. चाळीस वर्षांची सवय. ती खाली वाकली आणि तिने टायरमध्ये नख दाबलं. मग पुन्हा दाबलं. रुतेना. मग शेजारच्या घोडीवरचा एक नवा टायर गाठला आणि त्यात दाबलं. नख रुतलं.

"हे माझे किती साली बनलेत?" तिने विचारलं.

टायरवाल्याने टायरच्या अंगावरचे चार आकडे पुसून वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर नऊ वर्षांचे होते. आठवड्यातून एकदा टेकडी चढायची आणि उतरायची, एवढंच त्यांना काम. नक्षी झिजलीच नाही, आणि रबर उभ्या उभ्या वाळून दगड झालं. दिव्याखाली अंधार! साऱ्या गावाला जाडीवर जाऊ नका म्हणून सांगणारी बाई स्वतः नऊ वर्षं नक्षी बघून निर्धास्त होती.

आत्या ताठ उभी राहिली. "चूक माझी आहे," ती इतक्या मोठ्याने म्हणाली की आतला मशीनवाला बाहेर आला. "माझ्या धंद्यातली चूक आहे आणि मला तिची लाज वाटते. पण ती माझ्या वयाची चूक नाही, धाकट्या! म्हातारे टायर झाले आणि तू किल्ली माझी काढून घेतलीस. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

बाबा चष्मा पुसू लागले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"मग काकू, दोन जोड घ्या," टायरवाला म्हणाला. "एक थंडीचा, एक उन्हाळ्याचा. ऑल-सीझन म्हणजे कसं, सगळ्या ऋतूंचा म्हटला तर कुठल्याच ऋतूचा पक्का नाही."

"दुसरा जोड ठेवू कुठे, डोक्यावर? माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आणि आपल्याकडे बर्फ किती? पाच-सहा आठवडे. बाकी पाऊस आणि ऊन. अरे, एकाच जोडावर बारा महिने काढणाऱ्यांचे बूट शिवते मी. एका जोडात सगळं कसं बसवायचं, ते मला नको सांगूस. बर्फातही पकड धरणारे, डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले ऑल-सीझन काढ."

"किती वर्षं चालवायची आहे गाडी? त्या हिशोबाने दाखवतो."

"एखादं वर्ष," बाबा म्हणाले.

"नख रुततंय तोवर," आत्या म्हणाली.

त्याने आणलेला पहिला टायर तिने परत पाठवला. खूण होती, पण आकडे चार वर्षांपूर्वीचे. "हा तुझ्या गोदामातच पिकलाय." दुसऱ्याची खूण पाहिली, आकडे वाचून घेतले, चारही टायरांत नख दाबलं आणि मान हलवली.

"जादू नाही हं ही," टायरवाल्याने बजावलं. "बर्फावर हळूच."

"मी कधी उडवली होती?"

बाबांनी हार मानली, पण अर्धीच. पुढच्या बुधवारी ते स्वतः शेजारी बसणार, आणि गाडी घसरली तर किल्ली कायमची त्यांची. आत्या म्हणाली, "मंजूर."

बुधवारी रस्ता पांढरा होता. मी मागे, मांडीवर खोके घेऊन. बाबांनी मुद्दाम ठेवणीतले बूट घातले होते. माझ्या लग्नात आत्याने शिवून दिलेले, एरवी कपाटात जपलेले. त्याच वळणाशी, चढावर, समोरून ट्रक आला. आत्याने ब्रेक दाबला. मी डोळे मिटले. गाडी थोडी कुरकुरली आणि जागच्या जागी थांबली. ट्रक गेला. आत्याने हँडब्रेक ओढला.

"भिंतीला टेकून थांबलीय की काय, बघतो," म्हणत बाबा उतरले. दुसऱ्याच पावलाला त्यांचे दोन्ही पाय पुढे गेले आणि ते दाराला लोंबकळले. गाडी तसूभर हलली नाही.

आत्या उतरून सावकाश त्यांच्याकडे गेली. "पाय वर कर."

तिने तळव्यात नख दाबलं.

"ताई, हे तूच शिवलेत," बाबा कसेबसे म्हणाले.

"हो. आणि अकरा वर्षं तू कपाटात ठेवलेस. रबर दगड झालंय. आता तुझं वय झालं म्हणू का?"

बाबा तसेच दाराला धरून उभे राहिले. मग त्यांनी खिशातून दुसरी किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. आणि ते गाडीत येऊन बसले.

"वर किती जण आहेत आज?" त्यांनी विचारलं.

आत्याने गाडी सुरू केली. "सहा. तुला धरून सात."